टेबल राहू द्या

मावशी गेल्या त्याला महिना झाला असेल. त्यांच्या मुलीचा फोन आला. "काका, आईबद्दल चार ओळी लिहून द्या ना. तुम्ही तिला एकवीस वर्षं कामावर पाहिलंय." मी मोजून चार ओळी दिल्या. हात सफाईदार, टाका कधी सैल पडला नाही, हजेरी चोख, स्वभाव बोलका. मुलीने आभार मानले. त्या ओळींत खोटं काही नव्हतं, तरी दोन दिवस माझं जेवणात लक्ष लागलं नाही. कारण मावशींना त्या कामावरून उठवलं ते मी. तसं कुणी म्हणत नाही, म्हणून मलाच म्हणावं लागतंय.

आडपडदा न ठेवता सांगतो. मावशींना ऐकू येत नव्हतं, जवळजवळ काहीच नाही. एकवीस वर्षं मला याचा पत्ता लागला नाही, आणि पत्ता नसतानाच मी त्यांची ऐकायची जागा मोडून टाकली. ती जागा म्हणजे एक टेबल होतं.

मी एका छापखान्यात बांधणीखात्याचा फोरमन होतो. छापलेले मोठाले ताव आमच्याकडे यायचे. त्यांच्या घड्या घालून सोळा सोळा पानांचे फर्मे करायचे, ते ओळीने जुळवायचे, सुईदोऱ्याने शिवायचे, पाठीला सरस लावून पुठ्ठा चढवायचा. माझ्या हाताखाली अकरा बायका, आणि त्या सगळ्या त्या एका टेबलाभोवती. टेबल कसलं, कुठल्याशा पाडलेल्या इमारतीचे तीन दरवाजे आडवे घालून ठोकलेले. एका ठिकाणी किल्लीचं भोक तसंच राहिलं होतं. त्यात सुया पडायच्या, मग एकीने मेणाचा गोळा कोंबून ते बुजवलं.

उगाच जुन्याचं कौतुक करणारा माणूस मी नाही. ते टेबल वाईट होतं. बुटक्या बायकांचे खांदे दिवसभर वर चढलेले, उंच बायकांच्या पाठी वाकलेल्या. बसायला बिनपाठीची बाकं. वर दोन ट्यूबलाइट, त्यातली एक कायम लुकलुकणारी. त्याच खोलीत कागद कापायचं यंत्र, सकाळपासून धाडधाड चाललेलं. आम्ही सगळे ओरडूनच बोलायचो आणि एकमेकांच्या तोंडाकडे बघून बोलायचो, कारण नुसत्या आवाजावर कुणाचंच भागत नसे. आमच्यातली सगळ्यात उंच बाई रोज दुपारी भिंतीला पाठ लावून पाच मिनिटं उभी राहायची आणि म्हणायची, "ही भिंत नसती तर मी कधीच मोडले असते."

मावशींची जागा टेबलाच्या निमुळत्या टोकाला, न लुकलुकणाऱ्या ट्यूबखाली. तिथून दहाच्या दहा तोंडं समोर दिसायची. एकदा नवी आलेली बाई चुकून तिथे बसली, तर मावशींनी तिला असं काही उठवलं की बिचारी आठवडाभर त्यांच्याकडे बघायला धजली नाही. मला वाटलं, जुनी माणसं, मान हवा असतो.

आता त्या टेबलाची एक गंमत सांगतो, कारण ती मी इतर कुठल्या बांधणीखात्यात पाहिली नाही. जुळणीच्या दिवशी प्रत्येकीसमोर एकाच फर्म्याची चळत असे. पहिलीसमोर पहिला, दुसरीसमोर दुसरा. पुस्तक हातोहात टेबलाभोवती फिरायचं आणि जिची तिची सोळा पानं त्यात पडायची. मधे जरा उसंत मिळाली की जी ती आपली सोळा पानं वाचून काढायची. फर्मा वाक्याच्या मध्येच सुरू व्हायचा आणि मध्येच संपायचा. मग जेवणाच्या सुट्टीत डबे उघडले की पहिलीने आपला भाग सांगायचा, मग दुसरीने, असं करत अकरा जणी मिळून अख्खी गोष्ट पुरी करायच्या. एखादी गैरहजर असली तर तिची सोळा पानं बाकीच्यांनी मनानेच भरायची. त्यात लग्नं काय मोडायची, माणसं काय मरायची, त्याला धरबंध नव्हता.

शेवटचा फर्मा कायम मावशींचा. म्हणून सगळ्या त्यांना मागे 'शेवटमावशी' म्हणायच्या. सगळ्यांचं सांगून होईपर्यंत मावशी एकेकीच्या तोंडाकडे टक लावून बघत बसायच्या, आणि आपली पाळी आली की आधी डब्यातला शेवटचा घास खायच्या, पाणी प्यायच्या, मगच शेवट सांगायच्या. शेवट आवडला नाही तर त्या तो बदलायच्याही. एका कादंबरीतल्या सासूला त्यांनी घराबाहेर काढलं होतं. खऱ्या पुस्तकात ती सुखाने नांदत होती, हे मला सहा महिन्यांनी कळलं.

मावशींना पाठीमागून हाक मारली तर त्या ओ देत नसत. खांद्याला हात लावला की वळून म्हणायच्या, "पाठीमागून काय बोलता? मी अजून जिवंत आहे. पुढे या नि तोंडावर बोला." सगळ्या हसायच्या. थोरले मालकसुद्धा एकदा निमूटपणे टेबलाला वळसा घालून त्यांच्यापुढे येऊन उभे राहिले होते. दिवे गेले की बाकीच्यांच्या गप्पांना ऊत यायचा आणि मावशी गप्प. दिवे आल्यावर कुणी छेडलं तर म्हणायच्या, "अंधारात मी बोलत नाही. कोण माझ्या डब्यात हात घालतंय तिकडे लक्ष ठेवते." मीही हसायचो. डोळ्यांदेखत सगळं चाललं होतं आणि मी हसत होतो.

पुढे थोरले मालक थकले आणि त्यांची मुलगी कारभार बघू लागली. आम्ही तिला धाकट्या बाई म्हणायचो. बाई मनाने चांगल्या. पहिल्याच आठवड्यात त्या तासभर आमच्या बाकावर बसल्या आणि उठताना कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "यावर तुम्ही आठ तास बसता?" नवीन यंत्र घ्यायचं म्हणून बाजूला ठेवलेला पैसा त्यांनी खोलीवर घालायचं ठरवलं. माणसाची पाठ सरळ राहिली तर कामही सरळ होतं, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खरंच होतं. जागेची आखणी करणाऱ्या एक बाई आल्या. त्यांना आम्ही आखणीवाल्या बाई म्हणू लागलो. त्यांनी मला हाताशी धरलं. आयुष्यभर ज्याने सरसाचे डबे मोजले त्याच्या हातात त्यांनी टेप आणि नकाशा दिला, आणि मी हवेत तरंगायला लागलो.

प्रत्येकीचं कोपरापासून जमिनीपर्यंतचं अंतर मी मोजलं. मावशींच्या मागे उभा राहून म्हणालो, "हात खाली करा." त्यांनी केला नाही. पुन्हा म्हणालो. नाहीच. शेवटी मी मनगट धरून हात खाली केला, तर त्या केवढ्या दचकल्या. मला वाटलं, बाई मुद्दाम अडून बसलीय. अंतर बिनचूक लिहून घेतलं आणि पुढे गेलो.

मग एक कागद वाटला. त्यावर पाच प्रश्न. शेवटचा असा: 'तुमच्या जागेबद्दल तुम्हाला काय हवं आहे?' कुणी पाठीची खुर्ची लिहिली, कुणी पायाखाली पाट, कुणी चांगला उजेड. उंच बाईने लिहिलं, 'फोरमनचा आवाज कमी करावा.' मावशींनी तीन शब्द लिहिले होते. 'टेबल राहू द्या.'

या उत्तरांचा एक तक्ता करून मला धाकट्या बाईंकडे द्यायचा होता. दहा जणींची उत्तरं रकान्यांत छान बसली. अकरावं कुठेच बसेना. मी ते दोनदा वाचलं, जरा चिडलो, आणि तक्त्याखाली लिहिलं: 'सर्व अकरा जणींची बदलाला संमती आहे.' मावशींचा कागद घडी घालून माझ्या खणात टाकला. मला तो तक्ता स्वच्छ हवा होता. दुसरं काही कारण नव्हतं, आणि म्हणूनच ते आठवलं की माझी मला चीड येते. तो कागद अजून माझ्याकडे आहे.

नकाशा भिंतीवर लागला त्या दिवशी मावशी माझ्या खोलीत आल्या. नकाशावर बायकांच्या जागी छोटी वर्तुळं होती, प्रत्येकात एक आकडा.

"फोरमन, यात मी कुठली?"

"सात नंबर. मधली रांग."

"आणि तोंड कुठे?"

"सगळ्यांची तोंडं पुढच्या भिंतीकडे. खिडक्या डाव्या हाताला. उजेड कसा डाव्या खांद्यावरून आला पाहिजे, म्हणजे हाताची सावली टाक्यावर पडत नाही." हे मी आदल्या दिवशीच शिकलो होतो.

"म्हणजे मला सगळ्यांच्या पाठी दिसणार."

"पाठी कशाला बघता मावशी? शिवण बघा."

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मला कोपरा चालेल. उजेड नसला तरी चालेल, खुर्ची नको. फक्त सगळ्या समोर दिसतील असं बसवा."

"अहो, तुमच्या डोळ्यांच्या भल्यासाठीच चाललंय हे."

"डोळे बरे आहेत माझे," त्या म्हणाल्या आणि थांबल्या. आता वाटतं, पुढचं वाक्य त्यांच्या ओठांवर होतं. पण मी नकाशा बघायला तिकडे वळलो होतो, आणि माझ्या पाठीशी बोलून त्यांना काय उपयोग? मी वळलो तोवर त्या गेल्या होत्या.

खोली बदलली, आणि झकास बदलली. प्रत्येकीला तिच्या कोपराच्या मापाचं मेज, पाठीला आधार देणारी खुर्ची, पायाखाली पाट. कापायचं यंत्र भिंतीपलीकडे गेलं. छताला आवाज शोषून घेणाऱ्या जाड फळ्या लागल्या. प्रत्येकीच्या मेजाशेजारी कप्पे आले आणि त्यात सगळे फर्मे, म्हणजे पुस्तक हातोहात फिरवायची गरज उरली नाही. आणि मी सूचना देत मेजांमधून ओरडत फिरू नये म्हणून माझ्या काचेच्या खोलीत एक माइक आणि छताला स्पीकर. ती कल्पना माझी. उंच बाईच्या कागदावरून सुचली.

सहा महिन्यांत दुखण्याच्या रजा निम्म्यावर आल्या. पुस्तकं रोज पाऊणशे जास्त निघू लागली. उंच बाई भिंतीशी उभी राहायची बंद झाली. एकदा मला म्हणाली, "घरी गेल्यावर पोरांवर खेकसायला त्राण उरतं आता." बाहेरची माणसं खोली बघायला यायची आणि मी टेप काढून त्यांना मापं दाखवायचो. दहा जणींचं खरंच भलं झालं, ते मी नाकारणार नाही.

त्या शांत खोलीत सगळ्या हळू बोलायला लागल्या, मान न वळवता, पुढे बघत. शांततेत तेवढं पुरतं. आता प्रत्येकीसमोर अख्खं पुस्तक होतं आणि एकही बाई ते वाचत नव्हती. जेवायला दोघी-दोघींची छोटी टेबलं आली. गोष्ट कधी बंद पडली ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. मावशी दर थोड्या वेळाने मागे वळून बघायच्या. आधी बायका विचारायच्या, "काय हवंय?" मग विचारेनाशा झाल्या. बोलक्या मावशी अबोल झाल्या, तेव्हा सगळ्यांना वाटलं, टेबल गेलं म्हणून रुसल्या. मी म्हणालो, होईल सवय.

एका कथासंग्रहाचा चौथा फर्मा चुकीचा छापला गेला होता. नवा छापून आला. मी माइकवर दोनदा सांगितलं, "चौथा फर्मा जुना घेऊ नका, निळ्या खुणेचा घ्या." काचेतून मला दिसलं, दहा हात कप्प्यांकडे गेले आणि एक हात शिवतच राहिला. मला वाटलं, हातातलं पुरं करून घेतील. संध्याकाळी मोजलं तर मावशींच्या मेजावर चाळीस पुस्तकं जुन्या फर्म्याची, सरससुद्धा वाळलेला. सगळी उसवावी लागली.

मी सगळ्यांसमोर त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिलो. "मावशी, दोनदा सांगितलं होतं ना?"

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, मग इतर मेजांवरच्या निळ्या खुणांकडे. काय झालं ते त्यांना तेव्हा कळलं असावं. "विसरले," त्या म्हणाल्या.

त्यानंतर तसं आणखी दोनदा झालं, आणि दोन्ही वेळा त्या विसरल्या. बहिरी म्हणवून घेण्यापेक्षा विसराळू म्हणवून घेणं त्यांना बरं वाटलं असेल. धाकट्या बाई मला म्हणाल्या, "वय झालंय त्यांचं. पॅकिंगला बसवूया का? तिथे लक्षात ठेवायचं काही नसतं." मी मान डोलावली. ज्या हाताने एकवीस वर्षं पुस्तकं शिवली, त्या हाताला आम्ही खोक्यांना चिकटपट्टी लावायला सांगितलं. मावशींनी आठ दिवस चिकटपट्ट्या लावल्या आणि नवव्या दिवशी राजीनामा आणून दिला.

जाताना दारात थांबून म्हणाल्या, "खुर्ची मात्र खरंच चांगली हो, फोरमन. पाठ कधी नव्हे ती दुखली नाही." त्यात टोमणा नव्हता. आणि मला, काय सांगू, बरं वाटलं.

चार महिन्यांनी त्यांच्या मेजाचा कप्पा साफ करताना घड्या दाबायची पट्टी सापडली. अंगठ्याने घासून घासून तिला एका बाजूला खळगा पडला होता. ती द्यायला मी त्यांच्या घरी गेलो. दारावरचं बटण दाबलं, आवाज काही आला नाही. पण शेजारच्या खिडकीतून दिसलं, आत भिंतीवर एक दिवा लागत होता, विझत होता. मुलीने दार उघडलं. माझी नजर त्या दिव्याकडे गेलेली बघून म्हणाली, "आईसाठी लावलाय. घंटा तिला ऐकू येत नाही ना."

"कधीपासून?"

"मी तीन वर्षांची होते. तापात गेलं तिचं ऐकणं." मग ती माझ्याकडे बघतच राहिली. "तुम्हाला माहीत नव्हतं? पण ती तर म्हणायची, टेबलावर मला सगळं ऐकू येतं. दुसरीकडे चांगल्या कामाचं बोलावणं आलं तरी ती गेली नाही. म्हणायची, असं टेबल दुसरीकडे नसेल."

तेवढ्यात मावशी बाहेर आल्या. मला बघून त्यांना केवढा आनंद झाला. मी दिसेल त्या खुर्चीवर टेकलो, तर दंडाला धरून मला उठवलं आणि खिडकीसमोर बसवलं, उजेड माझ्या तोंडावर येईल असं. स्वतः समोर बसल्या. कुणाला कुठे बसवायचं हे त्यांना किती नेमकं कळत होतं. नकाशा काढताना हे त्यांना विचारायचं सोडून मी त्यांना डाव्या खांद्याच्या गोष्टी सांगत होतो.

पट्टी घेऊन त्यांनी खळग्यावर अंगठा ठेवून बघितला. म्हणाल्या, "आता शेवट कोण सांगतं?"

"कुणी नाही. आता गोष्टच नसते."

त्यांचा चेहरा पडला. मुलगी चहा ठेवून आत गेली. मी विचारलं, "मावशी, मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही पहिल्याच वर्षी पॅकिंगला बसवलं असतं." त्या हसल्या. "आणि अगदीच सांगितलं नाही असं नाही हो. कागदावर लिहून दिलं होतं की. तुम्ही वर पोचवलं असणारच. मालकांना नाही पटलं, त्याला तुम्ही तरी काय करणार? मी घरीसुद्धा हेच सांगितलं, फोरमनचा काही दोष नाही म्हणून."

मी कपाकडे बघत बसलो. मग कपाकडे बघतच म्हणालो, "वर गेलंच नाही ते. मी खणात टाकलं, मावशी. तुमचा कागद मी खणात टाकला." बोलून झालं आणि मला वाटलं, सुटलो.

मावशी पुढे वाकल्या. "मान खाली घालून काय बोलता? तोंडावर बोला. काय म्हणालात?"

मी मान वर केली. उजेड थेट माझ्या तोंडावर होता आणि त्या सगळा जीव गोळा करून माझ्या ओठांकडे बघत होत्या. टेबलावर गोष्ट ऐकताना बघायच्या, तशा.

"चहा छान झालाय," मी म्हणालो.

"एवढंच ना?" मावशी म्हणाल्या. "मला वाटलं, काहीतरी महत्त्वाचं असेल." त्यानंतर त्या नऊ वर्षं होत्या, आणि मी त्यांच्याकडे आणखी तीनदा गेलो. त्या दिवशी त्यांनी किटली उचलली आणि माझ्या कपात अर्धा कप आणखी ओतला, आणि मी तो निमूटपणे प्यालो.